जड ते पुढे

४ फेब्रुवारी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार, पण मनातल्या मनात. गुडघे आता जमिनीपर्यंत यायला तयार नसतात.

पोचले. हे सांगायला परवा फोन केला, तर मी तीनदा ओरडले, "पोचले, पोचले", आणि तू तिन्ही वेळा विचारलंस, "कुठे पोळलं?" शेवटी शेजारीण दार वाजवून बघून गेली. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा घालून कान घालवलेस आणि आता मला पत्रं लिहायला लावतोस. असू दे. नाहीतरी मला सगळं एका दमात सांगायचं असतं, मधे बोलणारं कोणी नसलं की बरं पडतं.

तू केलेला ट्रेलर रिकामा होता तोवर गुमान गाडीच्या मागून आला. इथे आल्यावर तो भरला. बावीस वर्षं ज्या दुकानाच्या आतल्या खोलीत बसून मी लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या, त्या दुकानातलं यंत्र चौघांनी उचलून आत चढवलं. या यंत्राला मी सासूबाई म्हणते. वजनदार, आणि एकदा बसल्या की कोणाच्याने हलत नाहीत. शिवाय डोळे तपासायची खुर्ची, मोठा आरसा, फ्रेमांचे खोके. मी निघताना तू अंगणातून ओरडला होतास ना, "जड ते पुढे, हलकं ते मागे!" तसंच भरलंय. सासूबाई पुढे, फ्रेमा मागे.

आणि काल हे फिरतं दुकान घेऊन पहिल्यांदा धंद्याला बाहेर पडले, कापडगिरणीच्या फाटकाशी. तिथे जवळपास चष्म्याचं दुकानच नाही. जाताना गावाबाहेर सरळ रस्ता लागला, जरा वेग घेतला, तेवढ्यात शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलरचं ढुंगण डावीकडे गेलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आणखी जोरात. आरशात बघावं तर कधी या बाजूला दिसतोय, कधी त्या. स्टिअरिंग माझ्या हातात, पण गाडी कोण चालवतंय ते कळेना. वेग कमी झाला तेव्हा कुठे थांबलं.

बावन्न वर्षांची झाले मी. लेक म्हणाली होती, "आई, या वयात?" वहिनी म्हणाली होती, "पडशील." तू एकटा हो म्हणालास, आणि नुसतं म्हणाला नाहीस, तीन महिने खपून हा डोलारा उभा केलास. म्हणून तुलाच विचारते, बाकी कोणाला पत्ता लागू देणार नाही. हा असा का डुलतो? पुढच्या बुधवारी गिरणीवर परत जायचंय, एकोणीस माणसांची मापं घेऊन आलेय. लवकर लिही. मला एका जागी बसवत नाही.

तुझी
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. हे पत्र एकदा वाच आणि मग पुन्हा वाच. तू पत्रंसुद्धा धावत वाचतेस. उगाच का तुझं नाव भिंगरी पडलं.

वजन चुकीच्या जागी असलं की ट्रेलर डुलतो. चाकं मध्यावर आहेत. चाकांच्या मागे भार गेला की शेपटात जोर येतो. मग वारा लागला, खड्डा लागला, तुझा हात जरा हलला, एवढं निमित्त पुरतं. शेपूट एका बाजूला जातं. परत येताना मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. वेग जास्त तर झोकाही जास्त. शेवटी शेपूटच गाडीला हाकायला लागतं.

भार चाकांच्या जरा पुढे असला की ट्रेलर गाडीला जोडायचा दांडा गाडीच्या आकड्यावर दाबून बसतो आणि झोका आपला आपण विरतो. दहा किलो सामान असेल तर त्यातलं एक किलो आकड्यावर आलं पाहिजे. हा हिशेब मी जन्मभर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

यंत्र पुढे ठेवलंय म्हणतेस आणि तरी डुलतो, याचा अर्थ पुरेसं पुढे नाही. अजून पुढे घे. खुर्चीही घे. पट्टे आवळायला कड्या मी दोन्ही टोकांना केल्या आहेत. चाकांतली हवा बघ, आकड्याची खीळ बघ. साठच्या वर जाऊ नकोस. आणि डुलायला लागला तर ब्रेक मारू नकोस, नुसता पाय काढ. ब्रेकने झोका वाढतो.

वहिनी विचारते, वेळेवर जेवतेस का. तिला डुलण्याचं बोललेलो नाही.

दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी फाटकातच उभी होते. पोस्टमन म्हणाला, बाई, रोज उभ्याच असता, आमच्याकडे नोकरीच धरा.

झोक्याचं कळलं. दांडा, आकडा आणि किलोचे भाग मात्र मी सोडून दिले, ते तुझ्या गिऱ्हाइकांना. बाकी सांगितलंस तसं सगळं केलं. दोघांना हाताशी घेऊन सासूबाईंना अजून पुढे आणलं, इतकं की त्यांच्यापुढे आता माझा हातसुद्धा शिरत नाही. खुर्ची पुढे. आरसा पुढे. मागे राहिल्या फक्त फ्रेमा आणि माझी पाण्याची बाटली. हवा भरली, खीळ बघितली. आणि एका गोष्टीला मानलं तुला. दांडा किती हलका केलायस! एका हाताने उचलते मी.

एवढं करून बुधवारी निघाले, तर आधीपेक्षा वाईट. पन्नासलाच सुरू. दादा, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच म्हणतात, हे तर तू लोखंडाचं केलंस.

रडतखडत गिरणीवर पोचले. एकोणीस चष्मे वाटले. शिलाई खात्यातल्या एका बाईने चष्मा लावला आणि आधी स्वतःचे हात बघितले. उलटे केले, सुलटे केले. म्हणाली, "इतक्या सुरकुत्या? कधी पडल्या?" मग तीच हसत सुटली आणि बाकीच्या बायका आपापले हात बघायला लागल्या. बावीस वर्षं मी काचा केल्या, पण त्या काचेतून बघणारं माणूस कधी बघितलं नव्हतं. ते पुढे दुकानात असायचं, मी आत. आता मला हे सोडायचं नाही, दादा. पण येताना दोनदा गाडी कडेला थांबवावी लागली, तेही खरं.

नाकापेक्षा मोती जड झालाय का? गाडीच लहान पडते का? की वाकडं जोडलंस कुठे, वेल्डिंग करताना वहिनीकडे बघत होतास का रे?

एकवीस तारखेला टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात बोलावलंय. चाळीस म्हातारी माणसं, आणि कोणाचा चष्मा कोणाच्या नाकावर आहे ते त्यांनाही माहीत नाही. चढ ठीक आहे, पलीकडचा उतार लांब आहे. त्याच्या आत काय ते सांग.

भिंगरी

१८ फेब्रुवारी

भिंगरी,

ट्रेलर जागचा हलवू नकोस. वृद्धाश्रमाला कळव की येत नाही.

एक दोरा घे. सुतळी नको, ती ताणते. दांड्याच्या टोकापासून डाव्या चाकाच्या मधल्या बिंदूपर्यंत माप घे. मग उजव्या चाकाचं घे. फरक किती येतो ते लगेच लिही, अगदी केसाएवढा असला तरी.

अ‍ॅक्सलचा डावीकडचा जोड मी सगळ्यात शेवटी केला. तो दिवस मला नीट आठवतो.

तू थट्टेत विचारलंस. मला ती थट्टा वाटली नाही.

हे जलद टपालाने पाठवतोय.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादा,

अक्षराकडे बघू नकोस, टेबल डुगडुगतंय.

तुझं जलद टपाल बावीसला मिळालं. मी एकवीसला जाऊन आले होते. म्हणजे गेले होते. येणं जरा वेगळ्या पद्धतीने झालं.

उतारावर ट्रेलर जरासा कलंडला. जरासा म्हणजे आडवा. आता तू घाबरशील म्हणून नीटच सांगते. निम्मा उतार संपला होता, वेग पंचावन्नसुद्धा नसेल. वळणानंतर बाजूचा वारा आला आणि त्याने सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे. मी ब्रेक मारला. मारू नकोस म्हणाला होतास, पण पायाला कुठे वाचता येतं? गाडी अर्धी फिरली, ट्रेलर आकड्यावरून निसटला आणि रस्त्यावर आडवा पडला. सासूबाई पट्ट्यांत लटकून राहिल्या. पायाला तडा गेलाय त्यांच्या, बाकी ठणठणीत. आरसा गेला. फ्रेमा उताराने खाली घरंगळत गेल्या, कितीतरी.

मागून एक मुलगी सायकलवरून येत होती. दहा पावलांवर थांबली. तिला काही झालं नाही, मला काही झालं नाही. ती रडत होती आणि मी तिला समजावत होते. मग ती गेल्यावर मी ती दहा पावलं चालून मोजली. दहासुद्धा नव्हती, आठच होती.

लेकीला अजून कळवलेलं नाही. वृद्धाश्रमातून निरोप आला, कधी येता म्हणून. काय सांगू? दुकान बंद झालं तेव्हा मी रडले नाही, कारण पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं. आता दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले ते विसरते.

दोऱ्याचं अजून जमलं नाही. करते.

भिंगरी

३ मार्च

भिंगरी,

टेबल डुगडुगत नाही. हे डाव्या हाताचं अक्षर आहे. लहानपणी तुझा उजवा हात गळ्यात होता तेव्हा तू असंच लिहायचीस, सगळ्या वेलांट्या पडलेल्या. मनगट मोडलंय ना? खोटं कोणाला सांगतेस?

ट्रेलर माझ्या हातचा. मी सांगितलं तसं वजन ठेवलंस, मी म्हणालो तसं अजून पुढे घेतलंस, हवा बघितलीस. मग राहिलं काय? अ‍ॅक्सल. वाकड्या अ‍ॅक्सलचा ट्रेलर तिरका धावतो आणि त्याला कोणी सरळ करू शकत नाही.

माझा हात पूर्वीचा राहिलेला नाही. एवढंच सांगतो, यापुढे विचारू नकोस, आणि वहिनीजवळ बोलू नकोस. वर्कशॉपला कुलूप लावलं. दोन ट्रेलर करायला घेतले होते, त्या गिऱ्हाइकांना दुसरीकडे जायला सांगितलं.

दहा तारखेला मी हत्यारं घेऊन येतोय. अ‍ॅक्सल कापतो आणि तुझा ट्रेलर भंगारात घालतो. माझ्या हातचं काही रस्त्यावर नको. ती सायकलवाली मुलगी मी बघितलेली नाही, पण रोज मला दिसते.

दादा

४ मार्च

प्रिय भिंगरी,

वहिनीचं पत्र बघून दचकू नकोस. ओरडायला लिहीत नाहीये. "पडशील" म्हणाले होते ते खरं झालं याचा मला अजिबात आनंद नाही, उलट जीभ चावावीशी वाटते. तुझी पत्रं हे लपवतात कुठे, तर वर्कशॉपमधल्या पेट्रोलच्या डब्यामागे. मी सगळी वाचली.

आता एक गोष्ट सांगते, हसू नकोस. काल यांनी प्रवासाची तयारी म्हणून मफलर शोधायला घेतला. मी ओठ हलवून, हात करून सांगितलं, कपाटात पुढेच आहे. यांनी काय करावं? खांद्यापर्यंत हात आत घातला, पार भिंतीपर्यंत, आणि वर्षाचे कपडे उपसून खाली टाकले. मफलर दाराशी होता, यांच्या नाकासमोर. म्हटलं, पुढे म्हणजे इथे. तर हे म्हणतात, हे मागे झालं. दारातून आत शिरलं की पुढे म्हणजे भिंत. म्हटलं, कपाट काय गावाला निघालंय का, त्याला पुढे आणि मागे असायला?

मग मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले आणि एकदम माझा हात थांबला.

भिंगरे, तू ट्रेलर भरलास तो मागच्या दारातून ना? दार उघडून बाहेर उभी राहिलीस, आणि यंत्र पुढे ठेवलंस. कुठलं पुढे गं? माझ्या कपाटाचं की यांच्या गाडीचं? घरात दाराजवळचं ते पुढे आणि भिंतीकडचं ते मागे. पण गाडीला तोंड असतं. तिचं पुढे म्हणजे दांड्याकडे, गाडीच्या बाजूला.

मला ट्रेलरमधलं काही कळत नाही. पण तुझ्या पत्रांतलं एकेक वाक्य मी दोन्ही पुढे घालून वाचून बघितलं, आणि दाराकडचं पुढे घातलं की सगळं जुळतं. लगेच लिही. यांना बोललेले नाही. माझं चुकत असलं तर यांना उगाच आशा लागेल, आणि गेले पंधरा दिवस हे ज्या तोंडाने फिरतायत ते तोंड मला आणखी पडलेलं बघायचं नाही.

तुझी वहिनी

८ मार्च

वहिनी,

दाराशी! दाराशी, दाराशी, दाराशी!

यंत्र दाराशी, खुर्ची दाराशी, आरसा दाराशी. आणि आत, दांड्याकडे, काय होतं? फ्रेमा. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या फ्रेमा आणि पाण्याची बाटली. दादाने लिहिलं अजून पुढे, मी सासूबाईंना अजून दाराकडे ओढलं. त्याचा प्रत्येक सल्ला मी मन लावून उलटा पाळला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तो खरोखरच लागला, मनगटावर.

तुझं पत्र मी फाटकातच वाचलं आणि इतकी हसले की पोस्टमन थांबला. मग रडायला लागले तेव्हा तो निघून गेला, बिचारा.

आणि दांडा! मी त्याला लिहिलं होतं, किती हलका केलायस. तो हलका नव्हता गं. मागच्या वजनाने वर उचलला जात होता. मी त्याची तारीफ केली आणि तो गप्प बसला, म्हणजे मी रिकाम्या ट्रेलरचं बोलतेय असं वाटलं असणार त्याला.

आज दोरा घेतला. शेजारणीने एक टोक धरलं. दांड्यापासून डावं चाक, दांड्यापासून उजवं चाक. चार वेळा मोजलं. दोऱ्याच्या जाडीएवढाही फरक नाही, वहिनी. तोही उताराच्या रस्त्यावर आडवा पडून उठलेल्या ट्रेलरला.

पण तो परवा येतोय, हत्यारांची पेटी घेऊन. मी ओरडून सांगितलं तर ऐकू येणार नाही, लिहून दिलं तर म्हणेल, तुम्ही दोघींनी मिळून मला बरं वाटावं म्हणून रचलंय. तू ओळखतेसच. हाताचं काय आहे ते मला सांगितलेलं नाही. वहिनीजवळ बोलू नकोस म्हणालाय, म्हणून बोलत नाही, फक्त लिहितेय.

तो आला की आधी करवत लपवते.

भिंगरी

१३ मार्च

यांस, म्हणजे तुला,

सुरुवात कशी करायची कळत नाही. अडतीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. आपण एकाच घरात होतो.

सुखरूप पोचलो. भिंगरीचं मनगट प्लास्टरमध्ये आहे आणि तोंड मोकळं आहे. पहिल्याच दिवशी तिने माझी पेटी दडवली. मी म्हटलं, दे. तिने तुझं पत्र हातात दिलं. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. मला वाटलं, तुम्ही दोघी दयाळू आहात. दोराही मी पुन्हा धरला. फरक नव्हता. तरी मनाने घेतलं नाही. माणसाला एकदा आपलंच चुकलं असं वाटलं की त्याची सवय होते.

काल सकाळी भिंगरी म्हणाली, हातच्या कांकणाला आरसा कशाला, चल. यंत्राच्या वजनाची वाळूची पोती घेतली. गावाबाहेर जुना विमानतळ आहे, बंद पडलेला. लांबलचक सरळ धावपट्टी, चिटपाखरू नाही. पोती दाराशी ठेवली, तिने ठेवली होती तशीच. मी चालवायला बसलो, ती शेजारी. चाळीसला काही नाही. पन्नासला मी स्टिअरिंग मुद्दाम जरा हलवलं आणि मागून पहिला झोका आला. मला ऐकू येत नाही, पण बसल्या जागी पाठीला कळतं. दुसरा झोका मोठा, तिसरा त्याहून मोठा. भिंगरीने डोळे मिटून दारावरची कडी धरली होती. मी पाय काढला, ब्रेकला पाय लावला नाही. थांबला.

मग मी एकट्याने पोती उचलून दांड्याकडे नेली. ती नको म्हणत होती, पण मला ते स्वतःच करायचं होतं. दांडा उचलून बघितला, दोन्ही हात लागले. पुन्हा पन्नास. हलवलं. एकदा डुलला आणि सरळ. साठ. सत्तर. सत्तरला मी चांगलाच हिसका दिला. एक झोका, अर्धा झोका, संपलं. तोच ट्रेलर, तोच अ‍ॅक्सल, तेच जोड. मी धावपट्टीच्या टोकाला गाडी थांबवली आणि बराच वेळ उतरलोच नाही. भिंगरी काहीतरी बोलत होती. मी तिच्या ओठांकडे बघितलं नाही.

चूक तिची नाही. मी "पुढे" म्हणालो. "दांड्याकडे" म्हणायचं होतं. चाळीस वर्षं जे ट्रेलर घेऊन गेले ते सगळे गाडीवाले होते, त्यांना पुढे म्हणजे काय ते माहीत होतं. पहिल्यांदा चष्मेवाली आली.

आता तुझ्यापासून लपवलेलं एक सांगायचं आहे. तोंडावर सांगता आलं नसतं. माझा उजवा हात थरथरतो. वर्ष झालं. डावीकडचा शेवटचा जोड करायच्या आधी तो इतका हलत होता की मी डोळ्यांवरची वेल्डिंगची काच खाली ओढून तसाच उभा राहिलो होतो. जोड केला आणि नीट तपासलाही नाही, भीती वाटली. म्हणून तिने वाकडं जोडलंस का विचारलं तेव्हा मी दुसरा काही विचारच केला नाही.

जोड सरळ निघाला. म्हणून म्हणतो, इथेच थांबावं. पुढचा कसा येईल कोण सांगणार? भिंगरीच्या ट्रेलरचा पत्रा ठोकून देतो, यंत्राखाली लाल रंगाने जागा आखून देतो, बावीसला परत येतो. इथल्या गॅरेजवाल्याला हत्यारं आवडली आहेत. पेटी त्यालाच देऊन टाकावी म्हणतो. घरी ती डोळ्यांसमोर नको.

तुझा

१६ मार्च

अहो,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चांगलं लिहिता. अडतीस वर्षं फुकट घालवलीत.

हाताचं मला वर्षभर माहीत आहे. तुम्ही खिशात हात घालून फिरायला लागलात तेव्हा आधी मला वाटलं, या वयात रुबाब सुचलाय. मग एकदा जिना उतरताना हात बाहेर राहिला आणि मी बघितलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. नाही सांगितलंत. त्याचा राग आहे, तो मी जपून ठेवलाय, आलात की देते.

पण तुम्ही जे बघितलं नाहीत ते मी बघितलंय. वर्कशॉपच्या मागच्या खिडकीतून, रोज, वर्षभर. तुम्हाला ऐकू येत नाही त्याचा असा उपयोग झाला. तुमचा हात रिकामा असतो तेव्हा थरथरतो. नुसता लोंबत असला, मांडीवर असला, खिशात असला तरी. हातोडी धरली की थांबतो. त्या शेवटच्या जोडाच्या दिवशीही मी खिडकीशी होते. तुम्ही काच खाली ओढून उभे राहिलात, हात इतका हलत होता की आत धावत यावं असं मला वाटलं. मग तुम्ही वेल्डिंगची मूठ धरलीत. आणि हात दगडासारखा स्थिर झाला. सगळा जोड संपेपर्यंत. मूठ खाली ठेवलीत तेव्हा पुन्हा सुरू झाला. तुम्ही काचेतून ठिणगीकडे बघत होतात, मी हाताकडे बघत होते. जोड सरळ आहे हे सांगायला मला धावपट्टी लागली नसती, पण मला कोणी विचारलंच नाही.

तेवीसला सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. काय म्हणतात ते दोघं मिळून ऐकू, म्हणजे मी ऐकेन आणि तुम्हाला लिहून देईन. एक दिवस कदाचित कामातही थरथरेल. त्या दिवशी मी स्वतः खिडकीतून आत येऊन सांगेन, आता थांबा. तोपर्यंत थांबायचं तुम्ही ठरवायचं नाही. ती दोन्ही गिऱ्हाइकं काल मी परत बोलावली आहेत.

पेटी गॅरेजवाल्याला देऊ नका. अहो, घरी येताना रिकाम्या हाताने येऊ नका.

तुमची